शेवंतीला वाफ चालत नाही

७ ऑक्टोबर, मंगळवार

माझ्या बटणाला आजीचे आशीर्वाद आणि दोन्ही गालांचे पापे.

मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीनं चालतात, दात होते तेवढेच आहेत. तू बरी असशीलच. झाली विचारपूस, आता मुद्द्याचं सांगते, नाहीतर माझ्या पोटात राहायचं नाही.

अगं, कळ्या आल्या. तुझ्या शेवंतीला कळ्या आल्या.

तीन वेळा मोजल्या मी. पहिल्यांदा अकरा भरल्या, दुसऱ्यांदा चौदा, तिसऱ्यांदा चष्मा पुसून तेरा. हिरव्यागार, गच्च मिटलेल्या, शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढ्या. म्हणजे तू लहानपणी काउंटरखाली बसून तुटकी बटणं गोळा करायचीस ना, ज्यावरून तुझं हे नाव पडलं, तेवढ्याच. मी कडकला हाक मारली. आपला इस्त्रीवाला कडक, अजून तसाच आहे, खळ मारण्यात हात सैल आणि बोलण्यात आखडता. तो गरम इस्त्री उभी करून बाहेर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आजी, कळ्याच आहेत." मी म्हटलं, "मग मी काय म्हणतेय सकाळपासून." पण दुसऱ्यानं म्हटलं की जास्त खरं वाटतं.

आता कळ्या आल्यातच, तर एक कबूल करते. तू गेल्यापासून मी हिला कसं सांभाळलं हे तुला धड कधी सांगितलं नाही, कारण तू ओरडली असतीस. तू गेलीस तेव्हा कुंडी मागच्या पायरीवर होती. मला वाटलं, पोर तर गेली, निदान हिला तरी उघड्यावर नको. म्हणून आत आणली आणि ठेवली वाफेच्या इस्त्रीमागच्या खिडकीत, जिथे सगळ्यात जास्त ऊब. शिवाय रोज सकाळी तिच्यावर पाणी शिंपडायचे, वाटीत बोटं बुडवून, जसं आपण इस्त्रीआधी सुती कपड्यावर शिंपडतो तसं. साठ वर्षं हेच केलं बाई मी. मला एवढंच माहीत, की ओल आणि ऊब दिली की कुठलीही गोष्ट सरळ होते.

झाडही असं वाढलं म्हणतेस. हातभर उंच, लुसलुशीत, आणि कळीचा पत्ता नाही. मग पानांवर पांढरं काही दिसायला लागलं. मी काय समजावं? खळ. कडक खळ मारतो तेव्हा निम्मी हवेत जाते, ती येऊन बसली. मी भांडले त्याच्याशी. तो म्हणाला, "आजी, मी खळ कपड्यांना मारतो, झाडांना नाही."

"मग काय झाड आपणहून कडक व्हायला निघालंय?"

"झाडाला विचारा."

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी आपली रोज ओल्या फडक्यानं पानं पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी पांढरं दुप्पट.

म्हणून मे महिन्यात तुला लिहिलं, की तुझ्या शेवंतीला खळ लागलीय, धुऊन निघत नाही. तोवर तुझी कार्डं यायची ती 'मी बरी आहे, काळजी नसावी' एवढीच. तारीख झाकली तर कुठलं कधीचं ओळखू येऊ नये. आणि मग ते कार्ड आलं. पाठ आहे मला. "आजी, ती खळ नाही, भुरी आहे, म्हणजे बुरशी. दमट, कोंडलेल्या हवेत धरते. लगेच बाहेर काढ. पानांवर पाणी घालू नकोस, मुळाशी घाल. दिवसा अठरा ते चोवीस अंश पुरे. कळ्या धरायला रात्री गारवा लागतो, दहा ते पंधरा. हवेतली आर्द्रता चाळीस ते साठ, सत्तरच्या वर नको. कुंडीभोवती वारा खेळू दे. ती काटक आहे, तिला जपू नकोस."

शेवटच्या वाक्याचा जरा रागच आला, खरं सांगू? जपू नकोस काय. पण बाहेर काढली.

मग प्रश्न आला मोजायचं कसं. कपड्यातली ओल मला कळते. चादर गालाला लावली की सांगते, अजून दहा मिनिटं वाळव. पण हवेला गाल कसा लावायचा? तर आमच्याकडच्या एका माणसानं, तू त्याचं नाव काढू नको म्हणतेस म्हणून काढत नाही, वाळवणीच्या खोलीतलं ते दोन काट्यांचं घड्याळ, ऊब आणि ओल दोन्ही दाखवतं ते, पेचकस घेऊन भिंतीवरून काढलं आणि मागच्या दाराबाहेर सावलीत ठोकलं. वाळवणीची खोली आता अंदाजानं चालते. रोज दुकान उघडण्याआधी तो माणूस तिथे जाऊन उभा राहतो आणि कपड्यांना लावायच्या बिल्ल्यावर आकडे लिहून माझ्या कपाखाली ठेवतो. आजचा बिल्ला: अकरा, अठ्ठावन्न. अक्षरं तू मला शिकवलीस पण आकडे मला आधीपासूनच येत होते, बिल्ल्यांच्याच कृपेनं.

काल न नेलेल्या कपड्यांचा दांडा आवरला. लोक कपडे टाकून विसरतात तरी किती. एक लग्नाचा सूट आहे, चार वर्षं झाली, लग्न झालं की नाही देव जाणे. पूर्वी तिथेच तो जहाजावरच्या आचाऱ्याचा लांब कोट असायचा, तुला आठवत असेल. असो. कुठून कुठे जाते मी.

हल्ली संध्याकाळी गार वारा सुटला की मी खूश होते. जन्मभर थंडीला शिव्या देणारी बाई मी. बघ काय करून ठेवलंस.

तेरा कळ्यांची मालकीण,
तुझी आजी


२३ ऑक्टोबर, गुरुवार

बटणे, आशीर्वाद. आधी बस, मग वाच.

पहिलं फूल उमललं.

सोमवारी कळीला फट पडली होती, मंगळवारी आतला रंग दिसला, आणि काल सकाळी बघते तर अख्खं फूल, माझ्या मुठीएवढं. रंग कसा सांगू? चहात दूध कमी पडलं की येतो ना, तसा तांबूस, आणि मधोमध पिवळा. मी काउंटर सोडून तिथेच पायरीवर बसले. गिऱ्हाईक घंटी वाजवत होतं. शेवटी त्या बाईच फिरून मागच्या दारानं आल्या. त्या आपल्या दंतवैद्य बाई, ज्यांच्या पांढऱ्या कोटावर कायम गुलाबी डाग असतो. म्हणाल्या, "आजी, माझे कोट?" मी म्हटलं, "थांबा, आधी हे बघा." त्यांनी बघितलं, आणि मग आम्ही दोघी बसलो पायरीवर. कोट न घेताच गेल्या, संध्याकाळी परत यावं लागलं बिचारीला.

पण हे फूल सुखासुखी नाही मिळालं हं. मधल्या आठवड्यात सलग चार दिवस पाऊस लागला. बिल्ल्यावर आकडे यायला लागले, बाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, त्र्याऐंशी. तू सत्तरच्या वर नको म्हणालेलीस. कळ्या कुजतील, करड्या पडतील, असं तूच कार्डात लिहिलं होतंस. कुंडी पत्र्याखाली सरकवली, पण हवाच ओली तर पत्रा काय करणार? तर त्या माणसानं दुकानातला पंखा उचलला आणि लांब वायर ओढून मागच्या दारात लावला, झाडावर थेट नाही, जरा बाजूनं, हळू. गिऱ्हाइकं घाम पुसत उभी आणि शेवंतीला वारा. मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?" तो म्हणाला, "लोकांना भुरी होत नाही."

आणि मग एकदम आभाळ मोकळं होऊन कडाक्याची थंडी पडली. संध्याकाळी त्या घड्याळात ऊब फक्त तीन अंश. मी घाबरले. कुंडी उचलून बॉयलरजवळ न्यायला निघाले, तर तो दारात आडवा.

"ठेव ती खाली."

"मरेल रे ती."

"मरत नाही. एखाद्या रात्री पाणी गोठेपर्यंत थंडी पडली तरी सोसते, सवय झालेली आहे आता. एकदम उबेत नेलीस तर कळ्या गाळेल. सप्टेंबरचं कार्ड वाच, खालून दुसरी ओळ."

मी गेले, चष्मा लावून वाचलं. खालून दुसरीच ओळ निघाली.

म्हणजे बघ. तुझी कार्डं काउंटरवर काचेखाली असतात, आणि हा माणूस रोज तिथेच पावती शोधत असतो. दुकानातल्या सगळ्या पावत्या खिळ्याला टोचलेल्या आहेत, दुसऱ्या भिंतीवर. शेवटी तडजोड झाली, वरून एक जुनी चादर घातली, आणि सकाळी सातला त्यानंच ती काढली, आत ओल कोंडू नये म्हणून. चादर काढताना कळ्यांना धक्का लागू नये म्हणून कसा उचलत होता माहीत आहे? तू तान्ही असताना तुझ्या अंगावरचं पांघरूण उचलायचा तसा. तुझी आई गेल्यानंतरचे ते दिवस. बरं, नाही लिहीत.

आता तुझं पत्र. कार्ड नाही, पाकिटातलं पत्र. मी ते आधी बाहेरून हात फिरवून बघितलं, मग उघडलं. तुझं झाडांचं शिक्षण पुरं झालं, दोन वर्षांचं, आणि बावीस नोव्हेंबरला मोठ्या काचेच्या घरात समारंभ आहे, आणि तुला तिथेच नोकरी देताहेत, आणि तुझ्या हाताखाली दोन मुली असणार. मी हे सगळं मोठ्यानं वाचलं. कडक, तोंडातून पाणी फवारायचं विसरून, ते गिळून बसला. मी म्हटलं, "माझी नात, आपल्या दुकानातली." तो म्हणाला, "आजी, मला माहीत आहे ती कुणाची नात आहे." माझी निळी शाल त्यानं तेव्हाच मागून घेतली, आत्तापर्यंत तीनदा इस्त्री झालीय तिला, अजून महिना आहे.

तू लिहिलंयस, प्रत्येकीला दोन खुर्च्या देतात घरच्यांसाठी. 'एकीवर तू बस. दुसरीवर बसवायला माझं कुणी नाही.'

मी येणार. गुडघ्यांना सांगून ठेवलंय.

दुसऱ्या खुर्चीचं मी काही बोलत नाही. त्या माणसानं तुझं पत्र वाचलं. मी दिलं नव्हतं, पावती शोधत होता. वाचून म्हणाला, "चांगलं झालं." मग म्हणाला, "बॉयलर बघून येतो." बॉयलर सकाळीच बघून झाला होता. अर्धा तास आला नाही.

एवढा राग धरायचा नाही गं एखाद्यावर. म्हणजे राग खरा आहे तुझा, वर्ष गेलं तुझं त्या एका पत्रापायी, मी नाही कुठे म्हणतेय? मी काहीच म्हणत नाही. आणखी एक लिहायचं होतं पण टपालाची गाडी यायची वेळ झाली.

एका फुलाची आणि बारा कळ्यांची,
आजी


४ नोव्हेंबर, मंगळवार

बटणे, आजीचा आशीर्वाद, घ्यावासा वाटला तर.

झाड भरलंय. तेरा नव्हत्या, चौदा होत्या, एक पानामागे लपली होती. सगळ्या उमलल्या. घड्याळात आज बारा आणि बावन्न, तू सांगतेस तसं अगदी मधोमध. रस्त्यावरून जाणारे लोक गल्लीत वळून मागच्या दारापर्यंत येऊन बघून जातात. परवा टपालवाला म्हणाला, "आजी, एक फांदी द्या." मी म्हटलं, "मालकिणीला विचारते." फांदी द्यायची का ते कळव. पुढच्या वर्षी शेंडे कधी खुडायचे तेही कळव.

हे सगळं आधी लिहिलं, कारण पुढचं वाचल्यावर तू हे वाचणार नाहीस.

शनिवारी तुझं कार्ड आलं. 'आजी, प्रत्येक पत्रात त्या माणसाला आत आणू नकोस. त्यानं माझं प्रवेशाचं पत्र लपवलं. मी वर्षभर खोकी भरत होते. तू कितीही पंखे आणि चादरी लिहिल्यास तरी ते बदलत नाही.'

ते कार्ड मी काचेखाली ठेवलं नाही. दोन दिवस पदराआड बाळगलं. आणि मग ठरवलं.

तुझं ते पत्र तुझ्या बाबानं लपवलं नाही. मी लपवलं.

सोमवार होता तो. टपालवाल्यानं लांबट पाकीट दिलं, कोपऱ्यात हिरवं पान छापलेलं. वर तुझं नाव. मला ते वाचता येत होतं, कारण अक्षरं शिकवताना तू मला ते सगळ्यांत आधी शिकवलं होतंस. तू मागे चादरींच्या घड्या करत होतीस. हाक मारायचीही गरज नव्हती, चार पावलं चालून हातात द्यायचं होतं. मी वळले. दांड्यावर आचाऱ्याचा लांब कोट होता. त्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

साठ वर्षं मी लोकांचे खिसे रिकामे केले. टाचणी, तिकीट, चिठ्ठी, एकदा तर कवळी, सगळं काढून बिल्ला लावून डब्यात ठेवलं, कुणाचं काही आत राहू दिलं नाही. आणि त्या दिवशी कुणाच्या तरी खिशात मी आपण होऊन काहीतरी ठेवलं.

उद्या देईन, असं खरंच वाटत होतं. मंगळवारी तू खोकत होतीस म्हणून दिलं नाही. बुधवारी तू हसत होतीस म्हणून दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पोरीला कोरडी मोकळी हवा हवी, या वाफेत हिचा खोकला हटायचा नाही. मी त्यांना म्हटलं होतं, वाफेनंच खोकला सुटतो. मला वाटायचं, बाहेर गेलीस तर तुझं कोण बघणार. खरं म्हणजे मला वाटायचं, तू गेलीस तर माझं कोण. हे एवढं लिहायला मला तीन वर्षं लागली.

मग त्या झाडांच्या शाळेनं कळवलं, तुमचं उत्तर आलं नाही, जागा दुसरीला दिली. टपालवाला म्हणाला, मी तर दुकानात दिलं. दुकानात मी आणि तुझा बाबा. आणि तो महिनाभर आधीच ओरडला होता, "झाडांचं शिकून काय करणार, दुकान कोण बघणार." मग तू दुसऱ्या कुणाला धरणार? तू त्याच्यासमोर उभी राहून विचारलंस, "बाबा, तुम्ही लपवलंत ना?" तो गप्प. मी त्याच्या मागे उभी होते, हातात एक टॉवेल. तो एकच टॉवेल मी तेवढ्या वेळात चार वेळा घडी केला, बटणे. तू गेलीस, दार आपटलंस, आणि मी पाचव्यांदा घडी करायला घेतला.

नंतर कितीदा तरी त्या कोटापाशी गेले. वरून खिसा चाचपायचे. आत हात घालायचं धाडस झालं नाही. आणि एकदा मी आजारी होते त्या आठवड्यात आचारी जहाजावरून परत आला आणि कोट घेऊन गेला. मी उठून बघते तर नुसता हँगर. मला वाटलं, गेलं पत्र समुद्रात. आणि लाज वाटते सांगायला, पण मला जरा सुटल्यासारखं वाटलं.

काल दुपारी दुकान जेवणासाठी बंद होतं. तुझा बाबा वाळवणीच्या यंत्राची जाळी साफ करत होता, ती करडी तंतूंची गादी निघते ना, ती सोलत. मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "तिचं ते पत्र मी लपवलं होतं."

तो सोलत राहिला. म्हणाला, "कोटात. डावीकडचा आतला खिसा."

"तुला कधी कळलं?"

"आचारी आला तेव्हा खिसे मी तपासले. पण तसं तिनं विचारलं त्याच मिनिटाला कळलं. मी लपवलं नव्हतं. मग उरलं कोण?"

"मग बोलला का नाहीस रे मेल्या?"

तेव्हा त्यानं जाळी खाली ठेवली. म्हणाला, "आई, तिला या घरात एक तरी माणूस हवा होता ज्याला ती पत्र लिहील. दोघांवर रागावली असती तर कुणाला लिहिलं असतं?" आणि पुढे, "मीही तिला बरं काही बोललो नव्हतो. राग ठेवायला माझ्याकडे जागा होती."

मी रडले, हे लिहायला नको. तो उठला, सापडलेल्या वस्तूंचा डबा काढला, आणि अगदी तळातून ते पाकीट काढून माझ्या हातात दिलं. त्याला कोटाच्या नंबराचा बिल्ला लावलेला. नियम म्हणजे नियम. उघडलेलं नाही, ना मी, ना त्यानं. या पत्राबरोबर ते पाठवते आहे. आता त्याचा तुला काही उपयोग नाही, पण ते तुझं आहे.

मी म्हटलं, "आता मी लिहून कळवते तिला."

"नको लिहू. खुर्ची जाईल तुझी."

"गेली तर गेली. तीन वर्षं मी तुझ्याच खुर्चीवर बसलेय."

त्यावर तो हसला. तुझा बाबा हसला की कसा दिसतो हे मी विसरले होते. अगं, समोरचा तो एक दात अर्धा तुटलाय त्याचा, कधी तुटला, मला पत्ताच नाही. एका छपराखाली राहून मी त्या पोराचं तोंड नीट बघितलं नव्हतं. लाजेनं बघवत नव्हतं, आणि मी समजत होते कामाची घाई आहे.

तर आज सकाळपासून मी अशी झालेय की काय सांगू. तू चिडशील, कदाचित पुन्हा लिहिणार नाहीस, हे सगळं कळतंय मला. पण कढईखालचा जाळ कुणीतरी काढून घ्यावा तसं गारही वाटतंय. दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे कपडे दिले. दंतवैद्य बाईंच्या हातात कुणाची तरी विजार. कडक म्हणाला, "आजी, आज तुम्ही बसा." मी बसले नाही. मी त्याला सगळं सांगितलं, त्यालाही. त्यानं हातातली इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाला, "साहेबांचा पांढरा शर्ट द्या इकडे." मी म्हटलं, "देते, पण ऐक, आयुष्यात एकदा कॉलर मऊ ठेव. त्याला मान वळवून तिच्याकडे बघता आलं पाहिजे." ठेवतो म्हणालाय. तू बोलावलं नाहीस तरी शर्ट वाया जायचा नाही, धुतलेला कपडा आहे.

बाबाला हे पत्र मी वाचून दाखवलं. मधे दोनदा म्हणाला, हे खोड. मी खोडलं नाही.

आता खुर्च्या. दोन आहेत. एक त्याची, ती त्याला दे, माझं ऐकायचं उरलं असेल तर एवढं ऐक. दुसरीवर मला बसवायचं की आणखी कुणाला, की रिकामी ठेवायची, ते तू ठरव. मी विचारणार नाही आणि गुडघ्यांचं नावही काढणार नाही.

उत्तर मला लिहू नकोस. त्याच्या नावानं लिही. टपालवाल्यानं काउंटरवर ठेवलं, की मी ते उचलीन, दांड्याकडे बघणारसुद्धा नाही, सरळ मागे जाईन, आणि ओल्या हातांनी का होईना, त्याच मिनिटाला त्याच्या हातात देईन.

तुझं पत्र तीन वर्षं अडवून ठेवणारी,
आणि आज पोचवणारी,
तुझी आजी